दरवाजा उरला, महाल कुठे गेला?

प्रश्न : उझबेकिस्तानच्या सहलीच्या जाहिरातीत तैमूरच्या महालाचा फोटो पाहिला. दोन उंच, निळ्या नक्षीचे बुरूज आणि मध्ये मोकळं आकाश. महाल कुठेच दिसेना. हा महाल खरोखर बांधला होता की नुसता दरवाजाच? बांधला असेल तर गेला कुठे? आणि एका दरवाजाला एवढी उंची कशाला?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही पाहिलेला फोटो शहरिसब्झच्या आक सरायचा. समरकंदहून दक्षिणेला निघून एक डोंगरघाट ओलांडला की ऐंशी-नव्वद किलोमीटरवर हे गाव लागतं. तैमूरच्या काळात त्याला केश म्हणत. १३३६ मध्ये तैमूर जन्मला तो याच गावाच्या परिसरात, आणि १३८० मध्ये त्यानं इथे महालाचं काम काढलं. आज जे उभं आहे ते त्या महालाच्या मुख्य दरवाजाचे दोन बाजूंचे बुरूज. त्यांची उरलेली उंची सुमारे ३८ मीटर आहे. मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया २६ मीटरचं, म्हणजे मोडक्या अवस्थेतही हा दरवाजा गेटवेच्या जवळजवळ दीडपट भरतो. कमान शाबूत होती तेव्हा तो याहून पुष्कळ उंच होता. उंचीचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण उत्तराला सुरुवात तिथूनच करू. कारण महाल पडला त्याचं निम्मं कारण त्या उंचीतच आहे.

तैमूर म्हटलं की आपण एक जन्मजात बादशहा डोळ्यांपुढे आणतो. तिथेच पहिली गफलत होते. तो बर्लास टोळीतल्या एका सरदार घराण्यात जन्मला. त्या काळी मध्य आशियात ‘खान’ म्हणवून घेण्याचा हक्क फक्त चंगेजखानाच्या वंशजांचा मानला जाई, आणि तैमूर त्या वंशातला नव्हता. १३७० मध्ये सत्ता हाती आल्यावरही तो स्वतःला अमीरच म्हणवत राहिला. चंगेजच्या वंशातला एक नामधारी खान त्यानं गादीवर बसवून ठेवला. त्याच वंशातल्या सराय मुल्क खानम हिच्याशी लग्न केलं आणि त्या घराण्याचा जावई ही ओळख आयुष्यभर मानानं मिरवली. निम्मं आशिया जिंकणाऱ्या माणसाला हे सगळं करावं लागलं, कारण कुळाचा हक्क लढाईनं मिळत नाही. लोकांना दिसेल, पटेल आणि बोलायला लावेल असं दुसरं काहीतरी उभं करावं लागतं. तैमूरनं इमारती उभ्या केल्या. त्यातही ही इमारत आपल्या टोळीच्या मुलखात, जिथे त्याला लहानपणापासून ओळखणारी माणसं होती तिथे.

बाबर हा तैमूरच्या पाचव्या पिढीचा वंशज. त्याच्या आत्मचरित्रात केशबद्दल दोन मोलाच्या गोष्टी सापडतात. एक अशी, की जन्मगाव म्हणून तैमूरला केशलाच राजधानी करायची फार इच्छा होती, पण समरकंदची सर त्याला येईना म्हणून तो बेत राहिला. दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाला थेट भिडणारी आहे. बाबर सांगतो, की तैमूरनं स्वतः दरबार भरवायला एक मोठी कमान बांधली. तिच्या उजव्या-डाव्या हाताला आपल्या सेनाधिकाऱ्यांसाठी आणि दिवाणांसाठी दोन लहान कमानी बांधल्या, आणि कामकाजासाठी येणाऱ्या लोकांना बसायला चारी बाजूंनी छोट्या देवड्या केल्या. जगात इतकी सुंदर कमान क्वचितच दाखवता येईल, असं त्याचं मत आहे. बगदादजवळच्या प्राचीन इराणी सम्राटांच्या ‘ताक-ए-किस्रा’ या कमानीपेक्षाही ही उंच आहे म्हणतात, अशी पुस्तीही तो जोडतो.

म्हणजे या महालात मोठी कमान ही नुसती आत जाण्याची वाट नव्हती. कमानीखाली बसून राज्यकारभार चाले. ही इराणी परंपरा आहे. तीन बाजूंनी बंद आणि समोरून पूर्ण उघडा असा उंच, कमानदार छताचा दिवाणखाना बांधायचा, त्याला ईवान म्हणतात. त्याच्याभोवती भिंतीची उभी, आयताकृती चौकट उचलून धरायची, ती पेशताक. आत बसलेला राजा सगळ्यांना दिसतो, पण चौकटीच्या आकारापुढे समोरचा माणूस आपोआप लहान होतो. आक सरायच्या पहिल्या दरवाजाला जी भव्यता आहे ती त्या पुढच्या दरबाराची नांदी होती. पाहुणा राजासमोर पोचेपर्यंत त्याला असे एकाहून एक दरवाजे पार करावे लागत, आणि आपण कुणाकडे चाललो आहोत हे त्याला वाटेतच कळून चुके.

आता ‘महाल खरोखर होता का’ याकडे वळू. होता, आणि तो आतून पाहिलेल्या एका परक्या माणसाचं वर्णन आपल्या हाती आहे. स्पेनमधल्या कास्तीलच्या राजानं तैमूरकडे वकील पाठवला होता, त्याचं नाव रुई गोन्झालेस दे क्लाविहो. ऑगस्ट १४०४ च्या अखेरीस तो केशला पोचला. इथे वीस वर्षं रोज काम चाललं आहे असं त्याला सांगण्यात आलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत कारागीर अजून काम करतच होते. त्याचं वर्णन इतकं शिस्तीत आहे की त्याच्यामागून चालत आत जाता येतं.

आधी एक लांबलचक प्रवेशमार्ग आणि अतिशय उंच दरवाजा. आत शिरताच उजवीकडे आणि डावीकडे विटांच्या कमानी, त्यांवर नाना नक्षींच्या झिलईदार टाइल्स. या कमानींखाली बिनदाराच्या लहान देवड्या, जमिनीलाही टाइल्स. राजा मुक्कामाला असला की त्याच्या सेवकांनी इथे बसायचं. समोर आणखी एक दरवाजा. त्यातून पलीकडे गेलं की पांढऱ्या दगडी फरसबंदीचं विस्तीर्ण अंगण, क्लाविहोच्या मोजणीनं तीनशे पावलं रुंद, आणि मधोमध पाण्याचं मोठं तळं. अंगणाच्या टोकाला खास महालाचा दरवाजा, निळ्या आणि सोनेरी टाइल्सनी मढवलेला, माथ्यावर सिंह आणि सूर्य यांचं चित्र. या दरवाजातून चौकोनी दिवाणखान्यात पाऊल पडे. त्याच्या भिंती निळ्या-सोनेरी, छत संपूर्ण सोन्याच्या मुलाम्याचं. मग वरच्या मजल्यांवरची दालनं, राण्यांचे महाल, मेजवानीचा मोठा दिवाणखाना आणि मागे फळझाडांची, पाटाच्या पाण्याची बाग. पॅरिसच्या कुशल कारागिरांनीही या कामाची वाहवा केली असती, असं हा युरोपीय वकील लिहून ठेवतो.

त्या तळ्यावरून एक दंतकथा आहे. महालाच्या गच्चीवर प्रचंड हौद होता आणि डोंगरातून आणलेलं पाणी तिथून धबधब्यासारखं खाली पडे, असं वाटाडे सांगतात. क्लाविहोला पाण्याचं तळं दिसलं ते खाली, अंगणात. माझा कल त्याच्या साक्षीकडे आहे. अभ्यासकांच्या अंदाजानं हे अंगण साधारण सव्वाशे मीटर रुंद आणि त्याच्या दुप्पट लांब होतं. एवढ्या फरसबंद अंगणाला उन्हाळ्यात थंडावा द्यायला मध्ये पाणी हवंच, आणि ते तिथे असण्यात काही नवलही नाही.

हे सगळं उभं कुणी केलं? इथे सनावळी नीट पाहिली की उलगडा होतो. १३७९ मध्ये तैमूरनं ख्वारिझमची राजधानी उरगंज जिंकली आणि तिथले कारागीर धरून केशला पाठवले. पुढच्याच वर्षी महालाचं काम सुरू झालं. १३८६ मध्ये त्यानं इराणमधलं तबरीझ घेतलं, जे टाइल्सच्या कामासाठी नावाजलेलं होतं. आणि आक सरायच्या दरवाजावर टाइल्समध्येच एका कारागिराची सही आहे : मुहम्मद यूसुफ तबरीझी. सोबत हिजरी ७९८ हे वर्ष, म्हणजे १३९५-९६. उरगंजच्या हातांनी पाया घातला आणि तबरीझच्या हातांनी चेहरा रंगवला, असं म्हणायला हरकत नाही. यातले बहुतेक जण आपखुशीनं आलेले नव्हते. ज्या नक्षीचं आपण कौतुक करतो ती घरादारापासून तोडून आणलेल्या माणसांची आहे. म्हणूनच तबरीझच्या त्या कारागिराचं नाव सहाशे वर्षांनंतरही वाचता येतं याचं मला फार अप्रूप वाटतं.

दिल्लीच्या कारागिरांनी हा महाल बांधला, असं आपल्याकडे कधीकधी ऐकू येतं. तारखा ते मान्य करत नाहीत. तैमूर दिल्लीवर आला १३९८ मध्ये, तोवर दरवाजावरच्या टाइल्स लागून गेल्या होत्या. दिल्लीहून नेलेले पाथरवट समरकंदला बीबी खानम या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जामा मशिदीच्या कामाला जुंपले गेले. ते काम १३९९ मध्ये सुरू झालं, आणि तिथे हिंदुस्थानी पाथरवट होते हे बाबरही नोंदवतो. पाथरवटांची गरज दगडाच्या कामाला. आक सराय तर मुख्यतः भाजलेल्या विटेचा.

विटेचा का, तर तिथली जमीन तशी आहे म्हणून. बारीक, पिवळसर मातीचे थर मुबलक, बांधकामाजोगतं मोठं लाकूड कमी. वीट स्वस्त पडते, पण दिसायला एकसुरी. म्हणून तिच्यावर रंग चढवला गेला, आणि तो तीन तऱ्हांनी. बुरुजांच्या मोठ्या पृष्ठभागांवर साध्या विटांमध्ये निळ्या झिलईच्या विटा अशा बसवल्या आहेत, की दुरून त्यांची कोनेदार अक्षरं वाचता येतात. जवळून पाहण्याच्या जागी रंगीत टाइल्सचे बारीक तुकडे कातरून एकमेकांत जडवले आहेत. आणि काही ठिकाणी एकाच टाइलवर अनेक रंग भाजून काढले आहेत. हे रंग शेजारी शेजारी असूनही भट्टीत एकमेकांत मिसळत नाहीत, कारण दोन रंगांच्या मध्ये काळपट, तेलकट रेघ ओढून त्यांना वेगळं ठेवलेलं असतं. गडद निळा कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा, पांढरा कथलाचा. सोनं मात्र टाइल भाजून झाल्यावर वर्खानं चढवायचं, म्हणून तेच आधी झडतं. क्लाविहोनं पाहिलेली सोनेरी झळाळी आज फार थोडी उरली आहे. निळा रंग तग धरून राहिला, कारण तो झिलईतच विरघळलेला आहे.

आक सरायच्या दारावर ‘आमच्या सामर्थ्याबद्दल शंका असेल तर आमच्या इमारती पाहा’ अशा अर्थाचा लेख आहे, हे वाक्य प्रवासी पुस्तकांत हमखास भेटतं. तैमूरच्या स्वभावाला ते शोभतं, म्हणूनच ते इतकं पसरलं असावं. दरवाजावर आज जे वाचता येतं ते वेगळं आहे : कुराणातली वचनं, अल्लाची नावं, राजासाठी शुभचिंतनं आणि ती कारागिराची सही. दुसरी कथा अशी, की एका बुरुजावर ‘सुलतान ही ईश्वराची छाया’ असं लिहिलेलं होतं. दुसऱ्यावर जागा अपुरी पडल्यानं नुसतं ‘सुलतान ही छाया’ एवढंच उरलं आणि तैमूरनं चिडून कारागिराला बुरुजावरून खाली फेकवलं. ती कथा म्हणूनच ऐकावी.

एवढा महाल बांधून तैमूर तिथे राहिला किती? फारच थोडा. त्याचं आयुष्य स्वाऱ्यांत गेलं, आणि समरकंदला असतानाही तो शहराबाहेरच्या बागांत, तंबूंत राहणं पसंत करी. त्याच १४०४ च्या शरदात क्लाविहोनं पाहिलेल्या मोठमोठ्या मेजवान्या विटांच्या महालात नव्हे, रेशमी तंबूंत झाल्या. फेब्रुवारी १४०५ मध्ये चीनच्या स्वारीवर निघालेला तैमूर ओत्रारला मरण पावला. चोवीस-पंचवीस वर्षं चाललेल्या बांधकामाचा पूर्ण उपभोग त्याला मिळाला नाही.

मग महाल पडला कसा? इथे दोन कारणं एकत्र येतात. पहिलं बांधकामाचं. दरवाजाच्या मोठ्या कमानीचा गाळा सुमारे २२ मीटर होता. विटेची कमान वरचं वजन सरळ खाली सोडत नाही, ते दोन्ही बाजूंना बाहेरही ढकलते. हा रेटा पेलायला बाजूंचे बुरूज भरीव आणि अवजड केलेले असतात. पण पाया थोडा जरी दबला आणि बुरूज किंचित जरी बाहेर झुकले, तरी कमानीच्या माथ्याला चीर पडते. एकदा माथ्याच्या विटा सैल झाल्या की मधला भाग कोसळायला वेळ लागत नाही. त्यात हा सगळा पट्टा भूकंपाचा. कमान पडल्यावर मात्र बुरुजांवरचा बाहेरचा रेटाच संपतो. ते आपापल्या वजनावर शांत उभे राहतात. आज फोटोत मध्ये आकाश आणि बाजूंना बुरूज दिसतात ते यामुळेच.

दुसरं कारण राजकारणाचं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला शैबानी उझबेकांनी तैमूरच्या वंशजांना या मुलखातून हुसकावलं. बाबरही त्यातच बाहेर पडला आणि शेवटी हिंदुस्थानात आला. शतकाच्या उत्तरार्धात बुखाऱ्याच्या अब्दुल्लाखानानं आक सराय पाडवला, असं परंपरा सांगते. याची लोककथा मोठी रंगतदार आहे. खानाला घाटावरून दरवाजा दिसला, तो जवळच आहे असं समजून त्यानं घोडा भरधाव सोडला. अंतर काही संपेना, घोडा ऊर फुटून मेला आणि खानानं रागानं महाल पाडायचा हुकूम दिला. घोड्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी हुकूम समजण्याजोगा आहे. पदच्युत घराण्याची इतकी मोठी खूण, तीही नेहमी कुरबुरी करणाऱ्या गावात, नव्या राज्यकर्त्याला उभी ठेवायची नसणार.

अंगणाभोवतीची दालनं आधी नाहीशी झाली, आणि दरवाजा मागे उरला, यातही तर्क आहे. राहत्या खोल्यांच्या भिंती बारीक, छतं लाकडाची. छत गेलं की पावसानं आणि हिमानं भिंती जातात. शिवाय भाजलेली वीट ही कुठल्याही गावात उपयोगाची चीज. बुरुजासारखं भरीव काम फोडून विटा काढणं जड जातं, खोलीची भिंत सहज निघते. उत्खननात अंगणाच्या फरसबंदीचे आणि टाइल्सचे अवशेष हाती लागले आहेत, त्यामुळे क्लाविहोचं वर्णन कल्पनेतलं नाही याची खात्री पटते. त्या जागेवर आता बाग आहे आणि तैमूरचा उभा पुतळा आहे.

२००० मध्ये युनेस्कोनं शहरिसब्झचा जुना गाभा जागतिक वारसा म्हणून नोंदवला. पण २०१६ मध्ये हे नाव धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेलं. कारण पर्यटकांसाठी मोकळी, आधुनिक बाग करण्याच्या नादात स्मारकांच्या मधली जुनी वस्ती, गल्ल्या, घरं जमीनदोस्त करण्यात आली. ही मोठीच हानी झाली असं मला वाटतं. या दरवाजाची उंची कळायची ती पायथ्याशी बिलगलेल्या मातीच्या बैठ्या घरांमुळे. घरं हलवली आणि दरवाजा हिरवळीवर एकटा पडला. तुम्ही पाहिलेल्या फोटोत तो इतका अधांतरी वाटतो त्यात या पाडापाडीचाही वाटा आहे.

जाणार असाल तर एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवा. दरवाजाचं तोंड उत्तरेला, समरकंदच्या दिशेला आहे. त्यामुळे दर्शनी बाजू दिवसाचा बराच वेळ सावलीत असते. उन्हाळ्यात भल्या सकाळी तिच्यावर तिरकं ऊन पडतं, तेव्हा निळा रंग खुलतो. त्या वेळी कमानीच्या आतल्या बाजूला जाऊन अगदी जवळून टाइल्सचे सांधे पाहा.

एवढं लांब जाणं होणार नसेल तर याच शैलीचं काम आपल्या शेजारी, बीदरला आहे. बहमनी सुलतान अहमदशहानं पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला हलवली. त्या काळात इराण आणि मध्य आशियातले सरदार, विद्वान, कारागीर दाभोळ-चौलच्या बंदरांत उतरून दख्खनमध्ये येत होते. त्यांनी आपल्याबरोबर उंच कमानी आणि निळ्या टाइल्स आणल्या. बीदरच्या किल्ल्यातल्या तख्त महालाच्या कमानीच्या खांद्यापाशी टाइल्समध्ये एक पशू कोरला आहे, आणि त्याच्या पाठीमागून सूर्य उगवतो आहे. कुणी त्याला वाघ म्हणतात, कुणी सिंह. क्लाविहोनं आक सरायच्या दारावर पाहिलेलं चित्र केशमधून नाहीसं झालं, त्याचं हे नातलग मात्र इथे शिल्लक आहे. बीदर शहरात बहमनी वजीर महमूद गावाननं १४७२ मध्ये बांधलेला मदरसाही आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचा बराच भाग उडाला, पण एक मिनार आणि त्याच्यावरच्या टाइल्स अजून जागेवर आहेत. लातूर-उदगीरकडे जाणं झालं तर बीदरसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा, आणि किल्ल्यात तख्त महाल कुठे आहे ते आधी विचारून घ्या.